तिथीची पाऊणपट

घुंगरू वाजलं तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाबा गाडीतून मफलर आणायला गेले होते. गळाच्या रॉडच्या टोकाला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं ते एकुलतं एक घुंगरू. माझ्या मुलीच्या, अनिकाच्या, भरतनाट्यमच्या जोडातलं. तिनं नाच सोडल्यापासून कपाटात पडून होतं. दुकानातून आणलेली घंटी वाऱ्यानंही वाजते म्हणून बाबांनी ती पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. घुंगरू जड असतं, उगाच वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच दोन महिने उगाच वाजलं नव्हतं आणि कारणानंही वाजलं नव्हतं. त्यामुळे आवाज झाला तेव्हा तो कुठून आला हेच मला आधी कळेना. मी खिशात हात घालून उभा होतो, कॉफी संपली होती, सोमवारच्या मीटिंगमध्ये काय सांगायचं ते मनात घोळत होतं. मग पियरच्या, खाडीतल्या त्या लांब धक्क्याच्या, कठड्याला टेकवलेला रॉड खाली वाकला. गळाला मासा लागला की माणसाला आनंद होतो म्हणतात. माझ्या मनात आलं की झालं, आता सगळं सांगावं लागणार.

रीळ फिरवताना बोटं बधिर झाली होती. पाणी सत्तेचाळीस अंश होतं, म्हणजे आपल्या हिशेबानं आठ. एवढ्या गार पाण्यात मासा सुस्त असतो, ओढत नाही, नुसता जड लागतो. लुईस धावत आला. लुईस हा निवृत्त बस ड्रायव्हर, डिसेंबरपासून रोज पलीकडच्या बाकावर बसतो आणि रोज हात हलवत घरी जातो. त्यानं आपली दोरीची जाळी खाली सोडली आणि मासा वर घेतला. स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंग, त्यावर पट्टी धरून आखल्यासारख्या सात काळ्या रेघा. मी तो मापाच्या फळीवर आडवा केला. एकोणतीस इंच. इथे अठ्ठावीस ते एकतीस एवढ्याच मापाचा ठेवता येतो. त्याहून लहान सोडायचा आणि मोठाही सोडायचा. हा नियम मी पहिल्यांदा बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ हसले होते. "म्हणजे लहान सुटला, म्हातारा सुटला. मरण मधल्याचंच," म्हणाले होते. फळीवरचा मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मी पार्किंगकडे बघितलं. बाबांची टोपी गाडीच्या दारामागे दिसत होती. मी पक्कडीनं गळ सोडवला, मासा परत जाळीत ठेवला आणि जाळी पाण्यात सोडून मासा जाऊ दिला.

"व्हॉट आर यू डुइंग, मॅन," लुईस म्हणाला. "दॅट वॉज अ कीपर." कीपर म्हणजे ठेवायच्या मापाचा.

"लुईस, प्लीज. डोन्ट टेल माय फादर."

 चार महिन्यांत लुईसला एक मासा मिळालेला नाही आणि माझ्यासारख्या नवख्यानं या मोसमाचा पहिला मासा पाण्यात सोडला होता. पण त्यानं खांदे उडवले, जाळी गोळा केली आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. मी फडक्यानं फळी पुसली, हात पुसले, डब्यातून नवा लाल किडा काढून गळाला लावला. हे किडे चावतात. हाही चावला. मी गळ परत पाण्यात टाकला आणि घुंगराचा दोरा सरळ केला. एवढं सगळं करून मी खिशात हात घालून होतो तसा उभा राहिलो तेव्हा बाबा लहान लहान पावलं टाकत पियरवर येत होते. मफलर त्यांनी कानांवरून घेतला होता.

"वाजलं का काही?"

"नाही."

"हं," म्हणून ते घडीच्या खुर्चीत बसले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग पाण्याकडे बघितलं, मग खांबावरच्या ओल्या रेघेकडे. वय वर्षं एक्याऐंशी, त्र्यंबक हे नाव इथे घराबाहेर कुणाला नीट उच्चारता येत नाही. डॉक्टरच्या इथली मुलगी त्यांना मिस्टर ट्राय म्हणते. हर्णैला बंदर खात्यात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, कुठली बोट आली, कुठली गेली, हे सगळं त्यांनी रजिस्टरात लिहिलं. मासेमारी हा काही त्यांचा धंदा नव्हता, पण रविवारी सकाळी खडकावर जाऊन दोरीनं गरवायचं हा नेम होता आणि मला बरोबर न्यायचं हाही नेम होता. मी कंटाळायचो. एका हातात दोरी धरून दोन-दोन तास गप्प बसायचं यात काय मजा आहे ते मला तेव्हा कळायचं नाही. आता कळतं असंही नाही, पण गप्प बसण्याची सवय लागली आहे.

किनाऱ्यावरच्या कुणाही माणसाला भरतीची वेळ काढता येते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. बाबांना हे श्वास घेण्यासारखं आहे. फेब्रुवारीत मी त्यांना पहिल्यांदा या पियरवर आणलं तेव्हा त्यांनी घरून निघतानाच ओक ट्री रोडच्या दुकानात फुकट मिळालेलं तिथीवारांचं कॅलेंडर बघितलं, मनात पाऊणपट केली आणि सांगितलं की साडेसातला भरती. आम्ही साडेसहाला येऊन उभे राहिलो. पाणी खाली खाली जात राहिलं. साडेसातपर्यंत समोर नुसता काळा चिखल आणि त्यात रुतलेलं एक सायकलचं चाक. बाबा कठड्याला धरून उभे होते. "पाणी चुकलंय," ते म्हणाले. मी मोबाइल काढून दाखवला, त्यात प्रत्येक दिवसाची भरतीची वेळ मिनिटासकट होती. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि मोबाइल मला परत दिला. परतताना गाडीत त्यांनी पुन्हा बोटांवर पाऊणपट मोजली. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी एक क्षुद्र समाधानही वाटलं, ते मी नाकारत नाही. कधी नव्हे ती त्यांची एखादी गोष्ट चुकली होती. साठ वर्षं बिनचूक चाललेलं गणित इथे चाललं नाही, म्हणजे इथे मी सांगेन ते खरं.

पण त्यांनी गणित टाकून दिलं नाही. ते कॅलेंडरच्या पानावर त्या त्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहू लागले. पाऊणपटीची वेळ, खरी वेळ, पाण्याचे अंश, वारा, मासा. मासा या रकान्यात फुली. तीन शनिवारांनी त्यांनी मला सांगितलं की इथे सव्वाचार तास वजा करायचे. मग मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे झाली, तेव्हा ते दिवसभर कॅलेंडर घेऊन बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "आता सव्वातीन." आज चैत्र वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडमधून सव्वातीन गेले की सव्वादहा. मोबाइल दहा वाजून बारा मिनिटं सांगत होता. या वयात माणूस नवी जागा शिकत नाही म्हणतात. माझ्या बायकोला, अदितीला, मी एकदा म्हटलंही की बघ, बाबा इथे रमले. अदिती नागपूरची, तिला समुद्राचं काही नाही आणि आडून बोललेलंही चालत नाही. "ते रमले नाहीत यार," ती म्हणाली. "ते तुझी वाट बघतायत. सांगून टाक ना त्यांना. किती दिवस ड्रॅग करणार आहेस?"

सांगायचं एवढंच होतं की हर्णैचं घर आता नाही. आई ऑक्टोबरात गेली. मी तेरा दिवस राहिलो, आणि येताना बाबांना घेऊन आलो. थंडी संपेपर्यंत, असं त्यांना सांगितलं. घराची किल्ली त्यांनी शेजारच्या रत्नाकडे दिली, तुळशीला पाणी घालायला सांगितलं, आणि विमानात बसल्यावर विचारलं की वीज मंडळाला कळवलं आहे ना. पुढे नोव्हेंबरात एका होमस्टेवाल्यानं घराबद्दल विचारलं आणि मी हो म्हणालो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाबांचं हृदय, त्यांचे गुडघे, तिथे त्यांना बघायला कुणी नाही, ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती अदितीपुढे, स्वतःपुढे अनेकदा मांडली आहेत. पण खरं कारण त्यांच्या खाली आहे. मी दमलो होतो. वीस वर्षं फोन वाजला की वाटायचं हर्णैचाच, आणि शेवटी ज्या फोनची भीती होती तो आलाच, आणि आईला बघायला मी पोचलो नाही. तसं परत होऊ नये एवढंच मला हवं होतं. जायला जागाच उरली नाही तर कुणी जाणार नाही. हा विचार मी याच शब्दांत केला होता की नाही ते आठवत नाही, पण केला तो हाच.

मग सह्या. ग्रीन कार्डच्या अर्जाचे कागद होते, पंधरा-वीस, आणि त्यांत मी घराचं मुखत्यारपत्र ठेवलं. मधोमध, अकरावं की बारावं. नोटरीच्या ऑफिसात एक गरगर फिरणारी खुर्ची होती, तीत बाबांना बसवलं. मी एकेक कागद पुढे करत होतो आणि सहीच्या ओळीवर बोट ठेवत होतो. बाबांनी आयुष्यात न वाचता सही केली नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायलासुद्धा ते चष्मा पुसून बसायचे, सगळे विषय वाचायचे, वर्गशिक्षिकेचा शेरा वाचायचे. म्हणून मला धास्ती होती. पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या कागदांवर भराभर सह्या केल्या. त्या एका कागदावर पेन क्षणभर थांबलं, मला वाटलं शाई अडली. मग सही झाली. आईच्या जाण्यानं ते मोडले आहेत, असं मी तेव्हा ठरवलं, आणि त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला याचं मला घरी येताना भरून आलं. असला मी माणूस आहे. फसवलं कुणाला आणि डोळे कुणाचे भरले.

डिसेंबरात ते पहिल्यांदा म्हणाले की परतीच्या तिकिटाचं बघायला हवं. मी कागदांचं कारण सांगितलं, कागद प्रोसेसमध्ये आहेत, आत्ता बाहेर पडता येत नाही. जानेवारीत परत म्हणाले. तेव्हा जेवणाच्या टेबलावर अनिका होती, तिच्या कॉलेजच्या अर्जांचं चाललं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, खाडीत मासे यायला लागले की तुमचं तिकीट काढू. पहिला मासा लागला की त्याच दिवशी." का म्हणालो कुणास ठाऊक. बाहेर बर्फ होता, मासा ही फार लांबची गोष्ट वाटत होती. अनिका म्हणाली, "आजोबा, दॅट्स लाइक एप्रिल." बाबा म्हणाले, "ठीक आहे. एप्रिल तर एप्रिल." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की इथे गरवायला कुठं जातात. मी ही गोष्ट अदितीला हसत हसत सांगितली. ती हसली नाही. रत्नाला मी आधीच फोन करून बजावलं होतं की बाबांना घराचं काही कळवू नकोस. रत्ना म्हणाली, "नाही कळवत. पण दादा, तुळस मी माझ्या दारात आणून लावलीय, एवढं तरी सांगू का?" मी तेही नको म्हणालो.

आणि मग शनिवारमागून शनिवार. पाणी अडतीस अंश, पाणी एकेचाळीस, पाणी चव्वेचाळीस. हातमोज्यांतून थंडी आत यायची. एकदा रीळ गुंडाळताना एक पाकट वर आलं, पंख फडफडवत. बाबांनी ते गळ कापून सोडलं, पाकट काही मासा नव्हे म्हणाले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या हातात रॉड असताना एक लेप लागला, चपटा, तपकिरी, तळहाताहून थोडा मोठा. तेव्हाही वाटलं, झालं. तिकीट, घर, रत्ना, सगळी वाक्यं मी एका क्षणात मनात जुळवली. बाबांनी लेप हातात उलटासुलटा करून बघितला. "हा धरायचा नाही," म्हणाले. "हा तळाशी पडून असतो, बारा महिने. याला काय आला म्हणायचं?" आणि त्यांनी तो सोडून दिला. मी त्यांना म्हणालो, "बरोबर आहे." मला वाटलं, कारकून तो कारकूनच, नियमावर बोट ठेवणार. मी सुटलो. त्या दिवशी मी परतताना त्यांच्यासाठी जिलबी घेतली होती.

मला या पियरचा कंटाळा येतो आणि यायचंही असतं. इथे उभं राहिलं की पलीकडे राखाडी पाण्यावर स्टॅटन आयलंडची घरं दिसतात, खूप लांब पुलाच्या दोन दांड्या दिसतात, आणि दोन-तीन तास कुणी काही मागत नाही. आठवडाभर मी लोकांना सांगत असतो की काम होईल, घरी सांगत असतो की येतो, हर्णैला सांगत होतो की यंदा नक्की. खोटं बोलण्यात फार मेहनत जाते. एकदा बोललं की ते रोज पाणी घालून जगवावं लागतं. आज सकाळी तो मासा जाळीत ठेवून खाली सोडताना मला अपराधी वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. दमायला झालं, एवढंच. वाटलं, पुढच्या शनिवारी पुन्हा लागेल. पाणी आता तापत जाणार. मे महिन्यात तर इथे शेंबडी पोरंसुद्धा मासे काढतात. मी किती वेळा बाबांना मफलर आणायला पाठवणार?

पाणी चढत होतं. खांबावरची ओली रेघ कधीच बुडाली. लुईस आमच्याकडे बघायचं टाळत होता, एकदा फक्त उठून त्यानं बाबांना आपल्या थर्मासमधली कॉफी दिली. एरवी तो देत नाही. बाबा म्हणाले, "थँक्यू, लुईसराव," आणि दोन्ही हातांनी कप धरून बसले. त्या दोघांना एकमेकांचे दोन-चार शब्दांपलीकडे कळत नाही, पण दोघं एकमेकांशी बोलतात.  नऊ वाजले, साडेनऊ वाजले. घुंगरू गप्प होतं. दहाच्या पुढे वाऱ्याचा जोर कमी झाला आणि पाणी भरून आल्यावर जसं काही न करता उभं राहतं तसं उभं राहिलं. बाबांनी घड्याळ बघितलं. "सव्वादहा," ते म्हणाले. आतल्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं, गुडघ्यावर पसरलं आणि पेन उघडलं. मग ते वाकले. मला वाटलं टोपण पडलं असावं. त्यांनी खुर्चीच्या पायाजवळच्या दोन फळ्यांच्या फटीतून नखानं काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं. नखाएवढंच होतं, पारदर्शक. खवला. त्यांनी तो पानावर द्वितीयेच्या चौकोनात ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. तो ओला होता, चिकटला.

"केवढा होता?"

मी लुईसकडे बघितलं. लुईस पाण्याकडे बघत होता.

"एकोणतीस."

"म्हणजे मापातला."

"हो."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. मासा या रकान्यात त्यांनी फुली मारली नाही आणि दुसरंही काही लिहिलं नाही. पानाची घडी घातली, खवला आत राहील अशी.

"सतू, ते कागद मी वाचले होते," ते म्हणाले. "सही करायच्या आधी. आदल्या रात्री, तुझ्या फाइलीतून."

 त्यांचा आवाज वाढला नव्हता. हर्णैच्या खडकावर ते असेच बोलायचे, दोरीकडे बघत.

"चौतीस वर्षं नोकरी केली. न वाचता मी पोस्टमनच्या पावतीवर सही केलेली नाही."

"मग केलीत कशाला?"

"तू ओळीवर बोट ठेवलं होतंस. ते थरथरत होतं. म्हटलं, आत्ता विचारलं तर पोरगं खोटं बोलेल. दमलंय. आपणहून सांगेल चार दिवसांनी." त्यांनी मफलर सारखा केला. "घर काय रे, तुझी आई नाही त्यात, मी तरी कुणाशी बोललो असतो? नाही म्हणालो नसतो मी. पण मला विचारलं नाहीस."

"मग हे दर शनिवारी येणं... तिकीट..."

"तिकिटाचं मी काय करणार होतो? उतरणार कुठं होतो?" त्यांनी घुंगराकडे बघितलं. "मासा लागला की सांगशील, असं वाटलं होतं."

तो लेप आठवला. 'हा धरायचा नाही.' मला वाटलं होतं ते नियमावर बोट ठेवतायत. ते मला वेळ देत होते. तीन आठवडे आणखी दिले, आणि आज मासा आला, मापात आला, भरतीच्या पाण्याबरोबर आला, आणि मी तो त्यांच्या पाठीमागे सोडून दिला. मी किड्यांचा डबा हातात घेतला, काहीतरी करायला हवं म्हणून, पण झाकण निघेना. 

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "आधी सांग."

"तुम्हाला सगळं माहीत आहे, बाबा."

"मला माहीत आहे. तू सांगितलेलं नाहीस."

मी डबा खाली ठेवला. इतक्या महिन्यांत मी ते वाक्य शंभर तऱ्हांनी जुळवलं होतं, कारणं लावून, मध्ये आई आणून, शेवटी माफी ठेवून. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"बाबा, हर्णैचं घर मी विकलं," मी म्हणालो. "तुम्हाला न विचारता."

त्यांनी मान हलवली. माहीत असलेलीच गोष्ट होती, पाच महिने खिशात घेऊन फिरत होते ते. तरी त्यांचा चेहरा बदलला, आत्ता पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मी त्यांना असं आईच्या वेळीही बघितलं नव्हतं. त्यांनी पाण्याकडे बघितलं. खांबाशी एक ओली रेघ उघडी पडली होती. पाणी उतरायला लागलं होतं.

"आणि तुळस?" त्यांनी विचारलं.

"रत्नाच्या दारात आहे," मी म्हणालो.